आधी अंगठा, मग चाल : संथ कंट्री गिटारवादन शिकू पाहणाऱ्यांसाठी

ध्वनिमुद्रण ऐकताना दोन गिटारी वाजत असल्यासारखे वाटते, एक खर्जात ठेका धरून आणि दुसरी वरच्या तारांवर निवांत चाल गात. मग कधीतरी चित्रफीत पाहायला मिळते आणि लक्षात येते की वाजवणारा माणूस एकच आहे, तोही खुर्चीत रेलून, फारशी हालचाल न करता. कंट्री या अमेरिकी संगीतप्रकाराच्या संथ वळणाच्या गिटारवादनाच्या नादी लागणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. माझीही तशीच झाली, आणि त्यानंतरची दोन वर्षे मी चुकीच्या क्रमाने शिकण्यात घालवली. टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत दाखवणारे लेखन) उतरवून घ्यायचे, बोटांना एक ठरावीक नमुना पाठ करून द्यायचा, आणि चालीतला एखादा सूर त्या नमुन्याबाहेर घ्यायचा म्हटले की अंगठा जागच्या जागी गोठायचा. अंगठा आधी स्वतंत्र झाला पाहिजे आणि चाल त्यानंतर आली पाहिजे, हे मला फार उशिरा कळले. पुढचा सगळा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

सी, जी, डी, ई, ए मायनर या साध्या कॉर्ड ज्यांना धरता येतात आणि एकीवरून दुसरीवर फारसे न अडखळता जाता येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एवढे अजून येत नसेल तर दोन-तीन महिने तेवढेच करा. तो वेळ वाया जात नाही.

१. आधी ऐका, आणि काय ऐकायचे ते ठरवून ऐका

या वादनशैलीला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात. मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) हा केंटकी राज्याच्या पश्चिम भागातील म्यूलनबर्ग या कोळसा खाणींच्या परगण्यातला. शैलीला त्याचे नाव चिकटले असले तरी आपण हे मोझ रेगर आणि आयक एव्हरली या तिथल्याच वादकांकडून उचलले, असे तो स्वतः सांगत असे. त्यांच्या मागे आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक उभा आहे. १९३१ मध्ये तो वारला, पण त्या टापूतल्या गिटारवर त्याची छाप राहून गेली.

शांत, मऊ, घरंदाज आवाज मात्र प्रामुख्याने चेट ॲटकिन्समुळे (१९२४–२००१) रूढ झाला. टेनेसीच्या पूर्व भागात जन्मलेला हा मुलगा जॉर्जियात वडिलांकडे राहत असताना सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून ट्रॅव्हिसला ऐकत असे. ट्रॅव्हिस केवळ अंगठा आणि तर्जनी वापरायचा, परंतु रेडिओवर बोटे दिसत नाहीत. एवढे सगळे वाजते आहे म्हणजे अंगठ्यासोबत एकापेक्षा जास्त बोटे असणारच, असे समजून ॲटकिन्सने तशी सवय केली आणि त्यातून त्याची स्वतःची शैली तयार झाली. त्यामुळे 'नक्की कोणती बोटे वापरावीत' या प्रश्नावर रात्री जागवू नका. दोन्ही घराणी पुरेशी प्रतिष्ठित आहेत.

पहिला आठवडा गिटारला हात न लावता ऐकण्यात घालवा, पण चाल ऐकू नका. खालचा ठेका ऐका. ॲटकिन्सचे संथ तुकडे घ्या, १९८० मध्ये त्याने डॉक वॉटसनसोबत केलेली ध्वनिमुद्रिका घ्या, १९९० मध्ये मार्क नॉफ्लरसोबत केलेली घ्या. (वॉटसनने आपल्या मुलाच्या नावात 'मर्ल' घातले ते ट्रॅव्हिसवरूनच, या मंडळींत एकमेकांविषयी असा जिव्हाळा होता.) चाल कितीही वळली, थांबली, उशिरा आली तरी खालचा ठेका घड्याळासारखा चालू राहतो, हे कानाला पटेपर्यंत ऐका. एक सावधगिरी: टॉमी इमॅन्युएलचे वेगवान तुकडे सुरुवातीला पाहू नका. स्वतः ॲटकिन्सने १९९९ मध्ये ज्याला 'सर्टिफाइड गिटार प्लेअर' ही उपाधी दिली, त्याच्याशी पहिल्या महिन्यात स्वतःची तुलना करून कोणाचेच भले होत नाही.

२. साहित्य

साहित्य फार लागत नाही, आणि जे लागते त्यातले बरेचसे तुमच्याकडे असेल.

– धातूच्या तारांची अकूस्टिक गिटार. तारांची मानेवरच्या पट्टीपासूनची उंची, म्हणजे ॲक्शन, आधी तपासून घ्या.
– तारांचा लाइट किंवा कस्टम लाइट संच, म्हणजे पहिली, सर्वात बारीक तार ०.०१२ किंवा ०.०११ इंचाची.
– वेगवेगळ्या मापांचे तीन-चार थंबपिक.
– ट्यूनर आणि मेट्रोनोम, मोबाइलवरचे पुरतात.
– पाठ टेकवता येईल अशी, हात नसलेली खुर्ची.

ॲक्शनविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. मी पहिली गिटार घेतली तेव्हा दुकानदाराने 'तारा उंच असल्या की बोटे तयार होतात' असे सांगितले आणि मी ते खरे मानले. बोटे तयार झाली नाहीत, दुखावली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहावी तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असावे. चार मिलिमीटर असेल तर करंगळीने पहिल्या तारेवर सूर धरणे ही शिक्षा होते, आणि या शैलीत करंगळीला भरपूर काम असते. जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घ्या. नवी, महाग गिटार घेण्यापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडतो.

नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर तीही चालेल. ॲटकिन्सनेही नायलॉनवर पुष्कळ वाजवले आहे. तिची पट्टी रुंद असल्यामुळे डाव्या हाताचे काही प्रकार अवघड जातील, एवढेच.

३. थंबपिकशी जुळवून घेणे

थंबपिक म्हणजे अंगठ्यात अंगठीसारखा घालायचा, एका बाजूला पाते असलेला प्लास्टिकचा तुकडा. पहिल्या दिवशी तो असह्य वाटतो. सैल असेल तर वाजवताना फिरतो, घट्ट असेल तर दहा मिनिटांत अंगठ्याचे टोक जांभळे पडते. म्हणूनच तीन-चार मापे घ्यायला सांगितले. जवळपास बसणारा एखादा मिळाला की तो गरम पाण्यात थोडा वेळ धरून मऊ करा, अंगठ्याच्या आकाराप्रमाणे वाकवा आणि गार पाण्यात बुडवा, आकार टिकतो. पाते फार लांब वाटत असेल तर नखांच्या कानशीने दोन मिलिमीटर घासून गोल करा. लांब पाते तारेत अडकते आणि प्रत्येक ठोका ओरडल्यासारखा वाजतो.

महिनाभर प्रयत्न करूनही जमले नाही तर उघड्या अंगठ्याने वाजवा. आवाज अधिक मऊ येईल, ठेक्याची धार थोडी कमी होईल. संथ तुकड्यांना ते शोभतेही.

४. अंगठा

येथे घाई केली तर पुढचे सगळे कच्चे राहते, म्हणून या पायरीला किमान सहा आठवडे द्या.

सी कॉर्ड धरा. फक्त अंगठ्याने पाचवी तार, मग चौथी, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी, असे वाजवत राहा. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा आणि प्रत्येक टिक्‌ला अंगठ्याचा एकच आघात घ्या. जीसाठी सहावी, चौथी, पाचवी, चौथी असा क्रम घ्या; ईसाठी तोच; ए मायनरसाठी पाचवी, चौथी, सहावी, चौथी; डीसाठी चौथी आणि तिसरी आलटून पालटून. सी पक्की झाल्यावर अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेऊन आणायला शिका, म्हणजे पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा पूर्ण फेरा मिळेल; परंतु पहिल्या पंधरवड्यात त्याची गरज नाही.

आता तळवा. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर, तारा जिथून निघतात तिथे, हलकी टेकवा. जाड तारांचा आवाज आखूड आणि गुबगुबीत झाला पाहिजे, तबल्याच्या डग्ग्यावर मनगट टेकवल्यावर होतो तसा. पहिल्या तीन तारा मात्र मोकळ्या गुंजत राहिल्या पाहिजेत. तळवा अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला तरी जाड तारा ठार मरतात, मागे गेला तर गजबज होते, आणि आडवा पडला तर वरच्या ताराही दबून चालीचा जीव जातो. ही जागा सापडेपर्यंत दुसरे काही करू नका. या संगीताचा शांतपणा निम्म्याहून अधिक या टेकवलेल्या तळव्यात असतो, असे माझे मत आहे.

अंगठा स्वतंत्र झाला की नाही हे कसे ओळखायचे? तो चालू ठेवून वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचा. घरातल्या कोणी 'चहा ठेवू का?' असे विचारले तर ठेका न मोडता उत्तर देता आले पाहिजे. माझा ठेका 'हो' म्हणतानासुद्धा मोडायचा. आमचे मामा तबला वाजवतात, एकदा त्यांनी दारात उभे राहून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "अरे, हा तर केरवाच आहे! फक्त तुझा डग्गा मध्येच चहाला जातो." त्यांच्या या एका वाक्याने मला मोजण्याची सोयही मिळाली, ती पुढच्या पायरीत सांगतो.

५. बोटांना आत घेणे

केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा. अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर असतो आणि तो कधीही बदलत नाही. बोटे एकतर अंगठ्याबरोबर पडतात किंवा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या मात्रेवर, म्हणजे अंगठ्याच्या दोन आघातांच्या मधल्या जागेत.

सुरुवातीचा नमुना असा: पहिल्या मात्रेवर अंगठा आणि मधले बोट एकत्र, चिमूट घ्यावी तसे, तिसरीवर अंगठा, चौथीवर तर्जनीने दुसरी तार, पाचवीवर अंगठा, सहावीवर मधल्या बोटाने पहिली तार, सातवीवर अंगठा, आठवी रिकामी. मेट्रोनोम पूर्वीच्याच गतीवर ठेवा, टिक् अंगठ्याचीच. हा नमुना हाताला बसला की लगेच तो मोडायला शिका: एखाद्या फेऱ्यात चौथी मात्रा सोडा, एखाद्यात आठवीवर तर्जनी घाला, एखाद्यात फक्त चिमूट घेऊन बाकी सगळा फेरा अंगठ्याला द्या. मी नमुना सहा महिने जसाच्या तसा वाजवला आणि त्याची किंमत मोजली. नमुना पाठ झाला म्हणजे शैली आली, हा या वाटेवरचा सर्वात मोठा खड्डा आहे.

दुसरा खड्डा आवाजाच्या प्रमाणाचा आहे. नव्या वादकाचा अंगठा मोठ्याने बोलतो आणि बोटे कुजबुजतात. व्हायला हवे ते नेमके उलटे. मोबाइलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐका. चाल आधी कानावर आली पाहिजे आणि ठेका नंतर जाणवला पाहिजे.

६. चाल ठेक्यावर बसवणे

सी कॉर्ड धरल्यावर दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी असते. तो सूर सी, म्हणजे आपला सा. तिथून करंगळीने त्याच तारेचा तिसरा फ्रेट दाबला की रे. पहिली तार मोकळी वाजवली की ग. तर्जनी पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर नेली की म. करंगळीने पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला की प. खाली उतरायचे असेल तर तर्जनी उचलून दुसरी तार मोकळी वाजवली की मंद्र नी, तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट म्हणजे मंद्र ध, आणि तिसरी तार मोकळी म्हणजे मंद्र प. कॉर्ड न सोडता एवढे सूर हाताशी असतात, आणि संथ चालींपैकी पुष्कळ चाली एवढ्यातच मावतात.

आता अशी चाल निवडा की जी तुम्हाला झोपेतून उठवून गायला सांगितली तरी येईल. अमेरिकेतल्या जुन्या तीन कॉर्डच्या लोकचाली या कामी उत्तम, पण लहानपणी ऐकलेली अंगाई किंवा शाळेतली प्रार्थनाही चालते. नव्याने शिकलेली चाल घेऊ नका. डोके चाल आठवण्यात गुंतले की अंगठा अडखळतो. मग हा क्रम ठेवा:

आधी चाल एकटी, केवळ बोटांनी, ठेक्याविना वाजवा आणि प्रत्येक सूर कोणत्या तारेवर मिळतो ते कागदावर लिहा. मग केवळ अंगठ्याचा ठेका वाजवत तीच चाल तोंडाने गुणगुणा. ही पायरी वगळण्याचा मोह होईल, वगळू नका. त्यानंतर चालीतले जे सूर ठोक्यावर पडतात तेवढेच चिमटीने घ्या आणि बाकीचे सोडून द्या. चालीचा सांगाडा उभा राहिला की मधल्या जागांतले सूर एकेक करून भरा. एका ओळीला आठवडा लागला तरी काही बिघडत नाही.

सी पट्टीत वाजवताना एफ आणि जी सेव्हन या दोन कॉर्ड लागतात. एफ ट्रॅव्हिसच्या पद्धतीने धरायची तर डाव्या हाताचा अंगठा मानेच्या वरून वळवून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबतात. शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य गिटार शिकवणाऱ्या शिक्षकांना हे पाहवत नाही, तरीही या शैलीत ते सर्रास चालते, कारण त्यामुळे करंगळी चालीसाठी मोकळी राहते. हात लहान असेल तर सहावी आणि पाचवी तार सोडून द्या आणि अंगठा चौथ्या-तिसऱ्या तारेवर चालवा. आवाज थोडा पातळ होईल, पण ठेका तुटणार नाही.

७. कंट्रीचा गोडवा कुठून येतो

सा रे ग प ध हे पाच सूर, म्हणजे आपल्या भूपाचे सूर, या संगीताचाही पाया आहेत. मात्र त्यांना लावण्याची रीत वेगळी. भूपात कोमल गंधाराला जागा नाही. इथे कोमल ग क्षणभर स्पर्शून शुद्ध ग वर जाणे ही जवळजवळ सहीच आहे. जी पट्टीत तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून चौथ्या फ्रेटवर हॅमर-ऑन करा, म्हणजे दुसरा सूर पुन्हा न छेडता बोट आपटून काढा, आणि लगेच कानाला ओळख पटेल. त्याहून साधा प्रकार सी कॉर्डमध्ये मिळतो: चौथ्या तारेवरचे मधले बोट उचलून तार मोकळी वाजवा आणि तेच बोट दुसऱ्या फ्रेटवर परत आपटा. रे वरून ग. प्रत्येक ओळीत हे केले तर मात्र खिरीत साखर सांडल्यासारखे होते.

दुसरी गोष्ट सूरजोड्यांची. तिसरी आणि पहिली तार एकत्र वाजवून सी पट्टीत वर चढत जा: दोन्ही मोकळ्या, मग तिसरीचा दुसरा आणि पहिलीचा पहिला फ्रेट, चौथा आणि तिसरा, पाचवा आणि पाचवा, सातवा आणि सातवा, नववा आणि आठवा. मधली दुसरी तार वाजता कामा नये. ओळीच्या शेवटी अशा दोन-तीन जोड्या हळूच घसरवत आणल्या की सारे संध्याकाळच्या अंगणात बसल्यासारखे वाटू लागते.

पेडल स्टील या वाद्याची नक्कल करण्यासाठी तार ओढून सूर चढवण्याचे तुकडे तुम्हाला आढळतील. ते बहुतेक इलेक्ट्रिक गिटारसाठी असतात, कारण तिची तिसरी तार सहसा साधी असते. अकूस्टिक गिटारची तिसरी तार वेटोळे असलेली असते. ती पूर्ण सुराइतकी ओढण्याच्या नादात माझ्या बोटाची साल निघाली होती. तिथे घसरून जाणेच इष्ट.

८. आवाज मऊ ठेवणे

उजवा हात आवाजाच्या छिद्राकडे, मानेच्या बाजूला जितका जाईल तितका आवाज गोल होतो. पण तळवा ब्रिजवर टेकलेला असल्यामुळे हात फार पुढे नेता येत नाही. म्हणून मऊपणा बोटांतूनच काढावा लागतो. नखे आखूड ठेवा आणि बोटाच्या मांसल टोकाने तार छेडा. सगळी गिटार अर्ध्या सुराने उतरवून लावली की तारांचा ताण कमी होतो आणि आवाजही सैलावतो. इलेक्ट्रिक गिटार असेल तर मानेजवळचा पिकअप निवडा, टोनची कळ थोडी खाली आणा आणि एकदाच उमटणारा आखूड प्रतिध्वनी द्या. ॲटकिन्स १९५० च्या दशकात रे बट्स यांनी घडवलेला, टेपच्या प्रतिध्वनीची सोय असलेला अँप्लिफायर वापरत असे. आज तोच परिणाम साध्या डिले पेडलमधून मिळतो. प्रतिध्वनी वाढवत नेला तर कच्चा ठेका झाकला जातो, म्हणून सराव नेहमी कोरड्या आवाजातच करा.

९. पावसाळ्यातली काळजी

लाकडी गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात जुलैमध्ये ती कितीतरी वर जाते. लाकूड फुगते, पुढची फळी ब्रिजपाशी पोट आल्यासारखी वर येते, आणि नीट केलेली ॲक्शन पुन्हा उंच होते. 'महिनाभर वाजवूनही करंगळी पोहोचत का नाही' असे जूनअखेर वाटू लागले तर आधी स्वतःला नव्हे, गिटारला तपासा. गिटार भिंतीवर टांगू नका. कठीण पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्यातून एकदा बदला किंवा वाळवून घ्या. अस्सल एकसंध लाकडाच्या फळीपेक्षा प्लायची फळी हे हवामान बरे सोसते, त्यामुळे किनारपट्टीवर राहणाऱ्या नवशिक्याने पहिली गिटार प्लायची घेतली तरी कमीपणा वाटून घेऊ नये. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. आमच्याकडे पावसाळ्यात न पुसलेली तिसरी तार तीन आठवड्यांत काळी पडते, आणि पुसलेली गणपतीपर्यंत टिकते.